काकांचे काडतूस

रायफलचा बोल्ट पुढे ढकलून खाली वळवताना शेवटच्या टप्प्यावर हाताला जो अगदी थोडा विरोध जाणवतो, तो ओळखायला मला काकांनी शिकवले. त्याआधी मला ज्यांनी ज्यांनी काही शिकवले, त्यांनी प्रथम माझा संकोच मोडायचा प्रयत्न केला होता. मोठ्याने वाच, पुढे येऊन बस, हात वर कर. माझ्या संकोचाचाच ज्यांना उपयोग होता असे काका एकटेच भेटले.

"जोर करणारा माणूस इथे कामाचा नाही," ते म्हणाले होते. "तू दार वाजवतेस तेसुद्धा आधी दाराची परवानगी घेऊन. मला तसाच हात हवाय."

ते माझे नात्याचे कुणी नव्हते. पुण्याहून तरुणपणी इथे सिंगापूरला, जहाजबांधणीच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेले, नोकरीतून निवृत्त झालेले आणि काकूंसह हौगांगला राहणारे गृहस्थ, एवढीच सुरुवातीची ओळख. मी एका बँकेच्या लेखापरीक्षण विभागात होते आणि सेंगकांगला राहत होते. ईशान्य मार्गाची एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, सुरू होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता, आणि आमच्या दोघांच्या घरांमध्ये काही मोजक्याच स्टेशनांचे अंतर होते. तरीही आमची भेट झाली ती नेमबाजीच्या क्लबमध्ये, बेटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला.

मी नेमबाजीकडे वळेन असे माझ्या ओळखीच्या कुणालाच वाटले नसते. ऑफिसने एका शनिवारी सगळ्यांना तिथे करमणुकीसाठी नेले. बाकीचे हसले, फोटो काढले आणि विसरून गेले. मी पुढच्या शनिवारी एकटी परत गेले. चाळिशी उलटलेली, खेळाच्या तासाला नेहमी सावलीत बसलेली बाई मी. पण इथे कान झाकलेले असत, नजर एका काळ्या ठिपक्यावर असे, आणि कुणी बोललेच तर ऐकू न येण्याचे कारण आयते डोक्यावर चढवलेले असे. मला असा खेळ आधी कुणी दाखवला नव्हता. उशिरा सुरुवात केलेल्या माणसाच्या वाट्याला येतात ते सगळे दोष माझ्यात होते: पुस्तके फार वाचलेली, खांदे आखडलेले, आणि प्रत्येक गोळीनंतर आपण कुणाला अडथळा तर होत नाही ना ही शंका. श्वास सोडताना मी स्वतःशीच "सावकाश, सावकाश" असे पुटपुटत असे. मागच्या बाकावरून एकदा आवाज आला, "सावकाश म्हणतेस खरी, पण बोट घाई करतंय." ते काका होते.

काकांना स्वतःला तेव्हा नेम धरता येत नव्हता. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, नेमका मधोमध, दोष उत्पन्न झाला होता. शस्त्रक्रिया झाली होती. कडेचे दिसे, पण ज्याच्याकडे पाहावे तेच धुकट होई. "टार्गेट सोडून बाकी सगळं दिसतं," असे ते सांगत, आणि ऐकणाऱ्याने हसावे की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नसे. डावा डोळाही आता अधू होत चालला होता; त्याने शिकायचा प्रयत्न त्यांनी केला आणि सोडून दिला. तरी ते दर शनिवारी येत, कारण त्यांचे एक काम अर्धे राहिले होते.

ते काम म्हणजे त्यांचे काडतूस. कोणत्याही कारखान्यात न बनणारे, एखाद्याने स्वतःच्या कल्पनेने आखलेले काडतूस असते. नेमबाजीच्या जगात त्याला वाइल्डकॅट म्हणतात. काकांनी त्यांचे काडतूस फार वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, जहाजांच्या आराखड्यांसाठी असलेल्या कागदावर आखले होते. लांबच्या टार्गेटवर आडव्या वाऱ्याने गोळी कमीत कमी ढळावी, एवढाच त्याचा हेतू. या देशात अशा गोष्टीला परवानगी मिळवणे म्हणजे काय असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. इथे काडतुसाची रिकामी पितळी पुंगळीसुद्धा खिशात घालून क्लबच्या दाराबाहेर नेता येत नाही. काकांनी चिकाटीने पत्रे लिहिली, चौकशांना उत्तरे दिली, आणि अखेर क्लबच्या परवान्यावर, क्लबच्या एका जुन्या रायफलसाठी, क्लबच्याच वर्कशॉपमध्ये हे करायची मुभा मिळवली. परदेशातून नळी बनून आली. तिची कोठी, म्हणजे काडतूस जिथे बसते तो भाग, काकांच्या आराखड्याप्रमाणे कातलेली होती. त्याबरोबर साचे आले, आणि नव्या पितळी पुंगळ्यांची एकच पेटी. दुसरी पेटी मागवायची तर सगळी पत्रे पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागली असती.

आणि तेवढ्यात क्लबच्या फलकावर सूचना लागली. लांब पल्ल्याची रेंज ज्या जमिनीवर होती ती जमीन सरकार परत घेणार होते. तिथून रस्ता जायचा होता. अमुक रविवार हा शेवटचा. त्यानंतर क्लबमध्ये उरणार होत्या त्या फक्त आखूड, छपराखालच्या रेंजेस, आणि तिथे या काडतुसाला काही अर्थ नव्हता. त्या रविवारच्या आत ते उडाले तर उडाले.

काकांनी सूचना वाचली नाही. ती मी त्यांना वाचून दाखवली.

"म्हणजे नेम तू धरायचास," ते म्हणाले.

मी क्लबमधल्या चांगल्या नेमबाजांची नावे सुचवली. ते म्हणाले, "चांगले नेमबाज बंदुकीशी वाद घालतात. तू ऐकून घेतेस. मला तिचं म्हणणं हवंय, त्यांचं नको."

त्यानंतरचे शनिवार आम्ही वर्कशॉपमध्ये काढले. पुंगळी नव्याने ओतायची नसते. तयार पुंगळी घेऊन तिला दुसरा आकार द्यायचा असतो. तिच्यावर लोकरीच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा, ती प्रेसमध्ये धरायची आणि दांडा खाली ओढून साच्यात घालायची. आधी तिची मान थोडी रुंद करायची, मग दुसऱ्या साच्यातून तीच मान वरून थोडीथोडी बारीक करत खाली यायचे. बारीक झालेला भाग आणि रुंद राहिलेला भाग यांच्यामध्ये एक पायरी तयार होते. कोठीत बसल्यावर काडतूस या पायरीवर पुढे टेकते आणि त्याचे बूड मागे बोल्टला टेकते. या दोन टेकांमध्ये ढिलाई किती, हा सगळा हेडस्पेसचा प्रश्न. ढिलाई अधिक राहिली तर उडताना पितळ मागे ताणले जाते, बुडाजवळ फाटू शकते, आणि आतला तापलेला वायू पुढे न जाता नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. ढिलाई मुळीच नसली तर बोल्ट बंदच होत नाही.

रायफलची कोठी आम्ही आधी पोलादी गेजने तपासली. अशी दोन गेजेस असतात. एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि दुसऱ्यावर होता कामा नये. दोन्ही बाबतींत रायफलने चोख उत्तर दिले. पुढचे काम पुंगळ्यांचे होते. साचा केसभर खाली आणायचा, पुंगळी दाबायची, पुसायची, कोठीत घालायची आणि बोल्ट वळवून पाहायचा. वळत नसेल तर साचा आणखी केसभर खाली. शेवटच्या वळणावर बोल्टने जरासे आढेवेढे घेतले आणि मग ऐकले, की ती पुंगळी झाली. काका प्रेसवर असत आणि बोल्ट माझ्याकडे.

"काय म्हणते?"

"ऐकते आहे, पण मनाविरुद्ध."

"मग बरोबर."

अशी पुंगळी तरीही पूर्ण झालेली नसते, हे काकांनी मला पुन्हा पुन्हा सांगितले होते. ती पायरी तात्पुरती. काडतूस उडते तेव्हा पितळ आतल्या दाबाने फुगते, कोठीच्या भिंतींना सर्वांगाने चिकटते आणि तिचा आकार घेते. तेव्हा कुठे आराखड्यातला खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, ठरवलेल्या कोनासह, पहिल्यांदा प्रत्यक्षात येतो. एकदा उडाल्यावाचून ती पुंगळी काकांच्या काडतुसाची होतच नव्हती. काकांना सगळ्यात अधिक उत्सुकता त्या खांद्याची होती. टार्गेटवर गोळी कुठे लागते याच्याहूनही.

काकू दर वेळी बरोबर असत, कारण डोळ्याच्या त्या दुखण्यापासून काकांना पायऱ्यांवर हात लागे. आम्ही वर्कशॉपमध्ये असलो की त्या पलीकडच्या छोट्या पॅन्ट्रीत मासिक वाचत बसत, आणि कंटाळल्या की दारात येऊन उभ्या राहत.

"अहो, मला बघायला आला होतात तेव्हा एवढ्या निगुतीनं नव्हतं हो बघितलंत."

"तेव्हा डोळे चांगले होते. एका नजरेत झालं."

"ऐकलंस ना गं?" काकू मला म्हणत. "चाळीस वर्षांत एक गोड वाक्य, तेही तुझ्यासमोर. एकटी असते तर तेवढंही नाही."

तयार पुंगळ्या ठेवायला काकूंनीच घरून एक स्टीलचा डबा आणला होता. क्लबची प्लास्टिकची पेटी त्यांना "रया गेलेली" वाटे. दिवस संपला की डबा वर्कशॉपच्या कपाटात जाई आणि रेंजचा अधिकारी कपाटाला कुलूप लावी. तो चाळिशीतला चिनी गृहस्थ होता. कामात कडक, आणि काकूंच्या डब्यातल्या खाण्याच्या बाबतीत अगदी मऊ.

शेवटच्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, सगळ्या पुंगळ्या तयार झाल्या. काकांनी डब्यात हात घालून त्या नुसत्या चाळवल्या, तांदूळ पाहावेत तशा. मग आम्ही दोघे रेंजवर गेलो, कारण त्यांना माझी बैठक तपासायची होती. तासाभराने वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. या बेटावर आभाळ गडगडू लागले की मैदाने रिकामी करतात, आणि त्या दिवशी अधिकाऱ्याने इमारतही लवकर बंद केली. आम्ही परतलो तेव्हा कपाटाला कुलूप लागलेले होते आणि काकू छत्री घेऊन बाहेर उभ्या होत्या. टॅक्सीत त्या मधूनच हसत होत्या. कशाला हसता म्हणून मी विचारले, तर म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी कळेल."

पुढच्या शनिवारी अधिकाऱ्याने कपाट उघडले आणि काकूंनी स्वतः पुढे होऊन डबा बाहेर काढला. झाकण काढताच आंबट वास आला. आत तपकिरी पाणी होते. काकूंनी ते पॅन्ट्रीच्या बेसिनमध्ये ओतले, नळाखाली पुंगळ्या खळखळून धुतल्या आणि आपल्या नॅपकिनवर पसरल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "किती मेणचट झाल्या होत्या त्या तेलानं. टेक्काच्या बाजारात चिंचेची वडी घेतली होती, पर्समध्येच होती. कढत पाणी, मीठ, चिंच. अर्धा तास ठेवणार होते, तर तो भोंगा झाला. म्हटलं राहू देत. घरी समया आपण रात्रभर ठेवतोच की."

पुंगळ्या झळझळत होत्या, यात शंका नाही. पण ती झळाळी पितळाची पिवळी नव्हती. तिच्यावर गुलाबी छटा होती; नव्या तांब्याच्या भांड्याला असते तशी. मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. मी काकांकडे पाहिले. त्यांनी एक पुंगळी उचलून डोळ्यांच्या कडेला, जिथून त्यांना दिसत असे तिथे धरली आणि दिव्याखाली सावकाश फिरवली.

"छान," ते म्हणाले. "लख्ख झाल्यात."

"मग? तुम्हा लोकांना मापं तेवढी घेता येतात."

"अगं, आम्हाला जरा कॉफी आणून देतेस का? खालच्या स्टॉलवरची. साखर कमी."

काकू पाकीट घेऊन खाली गेल्या. त्यांची पावले जिन्यावर ऐकू येईनाशी होईपर्यंत काका ती पुंगळी हातात फिरवत राहिले.

"पितळ म्हणजे तांबं आणि जस्त," मग ते म्हणाले. "आंबट पाण्यात फार वेळ राहिलं की जस्त निघून जातं. मागे जे उरतं ते दिसतं छान, पण त्यात जीव नसतो. समईला काय, तिला तेल धरायचं असतं."

"वरवरचा रंग असेल कदाचित," मी म्हणाले. "एक आठवडा तर झालाय."

"असेलही. पक्कड दे."

त्यांनी एका पुंगळीच्या मानेला पक्कड लावून दाबली. चांगले पितळ दुमडते. ही मान कडेने तडकली. शिळी चकली मोडावी तसा कोरडा आवाज आला. त्यांनी दुसरी घेतली. ती निमूट दुमडली. तिसरीही दुमडली. चौथी पुन्हा तडकली.

"म्हणजे काही चांगल्या आहेत," मी म्हणाले.

"आहेत ना. ज्या मोडताना दुमडल्या त्या चांगल्या होत्या." त्यांनी पक्कड खाली ठेवली. "न मोडता कोणती चांगली, ते तुलाही कळायचं नाही आणि मलाही नाही."

मी काही पुंगळ्या घेऊन रायफलच्या कोठीत घातल्या. का घातल्या ते सांगता येत नाही; हाताला तेवढेच येत होते. बोल्ट वळला, शेवटी जरासा अडला आणि बंद झाला. प्रत्येक वेळी तसाच. मापात कुठेही फरक नव्हता. काकांनी विचारले नाही, तरी मी सांगितले, "ऐकतात काका. पूर्वीसारख्याच."

"ऐकणारच. आकार कुठे बदललाय?"

मग मी, माझ्या मानाने पुष्कळ मोठ्याने, म्हणाले, "मी उडवते. एकच. बंदूक टेबलावर बांधून, लांबून दोरीनं, कशीही."

"दोरीनं उडवू देणार नाही तो अधिकारी. त्याचं बरोबरच आहे." त्यांनी रायफलच्या बोल्टवर हात ठेवला. "माझा डोळा असता तर मी उडवलं असतं. दुसऱ्याच्या गालापाशी ठेवून नाही."

"मला चालेल."

"मला नाही ना चालत."

त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटते, तो चढला असता तर मी आणखी वाद घातला असता. काही माणसांचा शांत नकार ओलांडून जायचे असते हे मला ठाऊक आहे. ते कसे करायचे ते मी कुठेच शिकले नाही.

"आणि हे तिला सांगायचं नाही," ते म्हणाले.

"काका, उद्या त्या येणार आहेत बघायला."

"येऊ दे. उद्या तू क्लबच्या रायफलनं उडव. दुकानातली काडतुसं. तिला बंदुका सगळ्या सारख्याच दिसतात."

"पण—"

"अगं, तिनं पर्समध्ये चिंच घेऊन हिंडावं आणि मी तिला जस्ताचं रसायनशास्त्र सांगावं? या वयात?"

जिन्यावर पावले वाजली. काकू, इथल्या रीतीप्रमाणे, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत लोंबती कॉफी घेऊन आल्या. मोडलेल्या पुंगळ्या काकांनी तोवर रुमालाखाली सारल्या होत्या.

"उद्या नक्की ना?" काकूंनी विचारले.

"उद्या," काका म्हणाले.

रविवारी रेंजवर नेहमीपेक्षा गर्दी होती. लोक निरोप द्यायला आल्यासारखे हळू बोलत होते. काहींनी बायकामुले आणली होती. काकू फिकट हिरवी रेशमी साडी नेसून आल्या होत्या आणि तिच्यावर त्यांनी ते जाड, काळे कानझाकणे चढवले होते. काकांनी त्यांना दुर्बिणीसमोर बसवले, ती टार्गेटवर लावून दिली आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले.

मी क्लबची रायफल घेऊन पालथी झोपले. पेटीतली, कारखान्यातली काडतुसे, एकासारखे एक. बोल्ट बंद करताना हाताला काहीच जाणवले नाही. तो सरळ, गुळगुळीत बंद झाला. त्या दिवशी वारा जवळजवळ नव्हताच, आणि माझ्या गोळ्या एकमेकींच्या इतक्या जवळ लागल्या की शेजारच्या लेनवरच्या माणसाने वाकून माझे टार्गेट पाहिले. इतका चांगला नेम माझा पूर्वी कधी लागला नव्हता आणि पुढेही लागला नाही.

काकूंनी दुर्बिणीतून मान वर केली.

"अहो," कानझाकण्यांमुळे त्या ओरडूनच बोलत होत्या, "किती सरळ जाते हो तुमची गोळी."

"जाते खरी," काका म्हणाले.

आवरायची वेळ झाली तेव्हा काकूंनी पिशवीतून नारळाच्या वड्यांचा डबा काढला आणि रेंजवर उरलेल्या प्रत्येकाला वाटायला निघाल्या. अधिकाऱ्याने एक उचलली, मग विचारून दुसरी.

"वा, आंटी, आज कुणाचा बर्थडे आ?"

"नो, नो. हिज बुलेट," काकू म्हणाल्या. "हिज ओन बुलेट. टुडे फर्स्ट टाइम."

अधिकाऱ्याने काकांकडे पाहिले. त्या दिवशी कोणत्या रायफली बाहेर आल्या आणि कोणती काडतुसे दिली गेली हे त्याच्याएवढे कुणालाच ठाऊक नव्हते. कपाटातली काकांची रायफल हललीसुद्धा नव्हती. काका आपल्या चष्म्याच्या काचा पुसत होते. माझ्याकडे पाहून अधिकाऱ्याने काय ओळखले कोण जाणे. त्याने वडीचा घास संपवला.

"व्हेरी गुड, आंटी," तो म्हणाला. "आय सॉ. सुपर स्ट्रेट, लाह."

काकूंनी त्याला तिसरी वडी दिली.

तो खरे बोलत होता, कारण माझी गोळी सरळच गेली होती. तेव्हापासून ते टार्गेट आठवले की माझ्या मनात अभिमान आणि खेद एकदमच येतात, आणि त्यांना वेगळे करणे मला अजून जमलेले नाही.

पुढचे सगळे रीतसर झाले. परवानगीची मुदत संपली. पुंगळ्या अधिकाऱ्यासमोर चेपून नष्ट केल्या गेल्या. काकांनी तिथे उभे राहायचे नाकारले, म्हणून मी उभी राहिले. नळी मोहोरबंद होऊन गेली. रेंजवर आधी कुंपण आले आणि मग रस्ता. काका-काकूंनी हौगांगचा फ्लॅट विकला आणि मुलाच्या जवळ राहायला पुण्याला गेले. मी त्यानंतरही काही काळ छपराखालच्या रेंजवर जात राहिले, पण तिथे प्रत्येक गोष्ट आधीच मापात असे. माझ्या हाताला विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

एकदा सुट्टीत पुण्याला गेले असताना मी त्यांच्याकडे जेवायला गेले. काकूंकडे त्यांच्या भावजयी आल्या होत्या. काकूंनी माझी ओळख करून दिली ती अशी: "हिनं उडवली बरं का, यांची गोळी. सिंगापुरात. मी दुर्बिणीतून बघितलीय." भावजयींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. काका कोशिंबिरीत मीठ आहे का ते चाखत होते. त्यांनी आणखी थोडे मीठ घातले. मी "हो" म्हणाले. त्या रविवारी खरे न सांगणे मला जेवढे सोपे वाटले होते, तेवढे प्रत्येक वेळी म्हणावेच लागणारे हे "हो" कधी वाटले नाही. जे घडले नाही त्याचे श्रेय मला मिळत होते, आणि ज्यांनी ते घडवायला आपल्या वर्षांमागून वर्षे घातली त्यांना ते मुकाट ऐकून घ्यावे लागत होते. हे सगळे आपल्याच हातच्या चिंचेने झाले हे काकूंना कधी कळले नाही, आणि ते कळावे असे मलाही कधी वाटले नाही. पण असे न वाटल्याने खेद कमी होत नाही. त्याला फक्त जायला जागा उरत नाही.

शेवटचे बोलणे फोनवर झाले. काकांचा आवाज बारीक झाला होता, पण वाक्ये पूर्वीसारखीच आखीव होती. प्रकृतीची चौकशी त्यांनी दोन शब्दांत आटोपली आणि विचारले, "खांद्याचा कोन मी जरा अधिकच ठेवला होता का गं? परवा पडल्यापडल्या पुन्हा मनात काढून बघितला. पितळ इतकं वळलं असतं का, असं वाटायला लागलंय."

"बरोबर होता काका," मी म्हणाले. "वळलं असतं."

"कशावरून?"

इंजिनिअरने विचारावे तसेच त्यांनी ते विचारले. त्यात कडवटपणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि ते फोन धरून उत्तराची वाट पाहत राहिले.